चित्रातली बाई आणि वहीतली उचल



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या काही स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठून हटकले. म्हणाले, "अहो, तुम्ही कामगार संघटनेची माणसे. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार यांवर बोला. जपानच्या गणिका, गेशा आणि त्यांची चित्रे यांच्याशी तुमचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे म्हणूनच आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. १९८४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, आम्ही एका छापखान्यात खिळे जुळवावयास लागलो. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी छापखान्याच्या मालकांकडून बाराशे रुपयांची उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत मुलाने तेथे राबावे, असे ठरले. छापखान्याच्या भिंतीवर शाई विकणाऱ्यांनी दिलेली एक दिनदर्शिका टांगलेली असे. तीवर एका जपानी स्त्रीचे चित्र होते. उंच केशरचना, केसांत दहाबारा काड्या, नाजूक जिवणी, अंगावर एकावर एक वस्त्रे. आमच्यापैकी एक वडीलधारे जुळारी होते, ते एकदा म्हणाले, "पोरा, या चित्राकडे नीट बघ. हे यंत्रावर छापलेले नाही. लाकडाच्या ठशांनी, एकेक रंग हाताने दाबून काढले आहे. आणि तरी एक केस इकडचा तिकडे नाही." पुढे ग्रंथालयांतून जे हाती लागले ते आम्ही वाचीत गेलो. जपानला आम्ही गेलेलो नाही. तेथील भाषाही आम्हांला येत नाही. जे सांगणार ते वाचून आणि चित्रे पाहून. परंतु त्या चित्रातली बाई कोण, हे जेव्हा आम्हांला कळले, तेव्हा तिच्यात आणि आमच्यात एक नाते निघाले. ते नाते उचलीचे होते.

आता मूळ विषयाकडे वळतो.

इसवी सन १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता जपानात स्थिर झाली आणि एदो हे गाव, म्हणजे आजचे टोकियो, राजकारभाराचे ठिकाण झाले. १६३५ पासून सरदारांनी आलटून पालटून एक वर्ष एदोत राहावे असा दंडक पडला. त्यांच्याबरोबर हजारो शिपाई आले, वाडे बांधण्यास सुतार-गवंडी आले, दुकानांतून गुमास्ते आले. यांतले बहुतेक बायकामुले गावी ठेवून आलेले. अठराव्या शतकात या शहराची वस्ती दहा लाखांवर गेली, आणि तीत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. अशा शहरात कुंटणखाने निघाले यात नवल नाही. नवल आहे ते सरकारने केलेल्या व्यवस्थेचे. १६१७ साली सरकारने एका ठरावीक जागेत हा धंदा चालविण्याचा परवाना दिला, आणि पुढच्या वर्षी योशिवारा नावाची वस्ती उघडली. १६५७ च्या प्रचंड आगीत एदो शहर जळाले. त्यानंतर ही वस्ती शहराबाहेर, आसाकुसाच्या प्रसिद्ध देवळाच्या पलीकडे हलविण्यात आली. क्योतोमध्ये शिमाबारा आणि ओसाकात शिनमाची या तशाच परवान्याच्या वस्त्या होत्या.

नव्या योशिवाराभोवती खंदक होता. त्याला लोक दातवणाचा खंदक म्हणत. आपल्याकडे जुन्या बायका दातवण लावून दात काळे करीत, तशी चाल जपानातही होती, त्यावरून हे नाव. आत जाण्यास एकच मोठा दरवाजा. दरवाज्याशी चौकी. पुरुषाने यावे, जावे. बाईला मात्र परवान्यावाचून बाहेर पाऊल टाकता येत नसे. दर वर्षी वसंतात मधल्या हमरस्त्यावर चेरीची बहरलेली झाडे आणून लावीत. दिवे लागत, गर्दी लोटे. फुले झडली की झाडे उपटून परत नेत. हिरोशिगेच्या चित्रांतून तो बहर आपल्याला पाहावयास मिळतो. झाडे निदान बाहेर तरी जात.

या बायका तेथे येत कशा? दुष्काळ पडला, सारा थकला, घरात आजारपण आले, की गावोगाव फिरणारा दलाल दारात उभा राही. तो बापाला रोख रक्कम देई आणि कागद करून घेई. त्या कागदावर "विक्री" असा शब्द नसे. माणसाच्या खरेदी-विक्रीस कायद्याची बंदी होती. कागदावर लिहिलेले असे, की अमुक मुलगी अमुक वर्षे चाकरी करील, आणि तिच्या चाकरीपोटी बापाला आगाऊ रक्कम पोचली. मुदत सामान्यतः दहा वर्षांची. आपण त्याला आपल्या भाषेत एकच शब्द वापरू: उचल. ऊसतोडणीला जाणारे जोडपे मुकादमाकडून घेते ती उचल. शब्द तोच, रीत तीच.

सहा-सात वर्षांची पोर प्रथम एखाद्या मोठ्या गणिकेच्या हाताखाली धाकटी दासी म्हणून लागे. तिला कामुरो म्हणत. चित्रांत गणिकेच्या दोन बाजूंना सारख्या कपड्यांतल्या दोन लहान मुली दिसतात, त्या ह्याच. पुढे ती शिंझो, म्हणजे उमेदवार होई. सतराच्या सुमारास गिऱ्हाईक घेऊ लागे, आणि सत्ताविसाच्या सुमारास तिची मुदत संपे. निदान कागदावर तरी संपे. कारण दरम्यान दुसरी वही सुरू झालेली असे. तिचे कपडे, केसांतल्या काड्या, बिछाना, औषधपाणी, आणि ती मोठ्या पायरीची असेल तर हाताखालच्या कामुरोंचे कपडेलत्तेसुद्धा तिच्याच नावावर मांडले जात. आजारी पडून धंदा बुडाला तर तेही तिच्याच नावावर. ती जितकी सुंदर दिसे, तितकी तिच्यावरची बाकी मोठी असे! चित्रातले ते एकावर एक वस्त्र आपण कौतुकाने पाहतो. त्यातला प्रत्येक पदर वहीतली एक ओळ होता.

गावाकडची बोली गिऱ्हाइकाच्या कानाला खटकू नये म्हणून वस्तीत एक वेगळीच भाषा शिकवीत. मुलगी कोणत्या मुलखातली हे तिच्या बोलण्यावरूनही कळू नये, अशी ही व्यवस्था. नावही तिचे नसे. हानाओगी, सेगावा अशी प्रसिद्ध नावे त्या त्या घराच्या मालकीची असत. एक हानाओगी गेली की दुसरी मुलगी हानाओगी होई. म्हणजे बाप घरी राहिला, बोली वेशीवर राहिली आणि नाव मालकाचे झाले. तिचे स्वतःचे म्हणून उरले काय, तर बाकी!

सर्वांत वरच्या पायरीच्या गणिकेला ओइरान म्हणत. तीन दातांच्या उंच लाकडी खडावा घालून, दासींसह ती रस्त्याने सावकाश मिरवत जाई. तिची वस्त्रे पाहून शहरातल्या घरंदाज बायका आपल्या वस्त्रांची तऱ्हा ठरवीत. परंतु अशा ओइरान मूठभर. अठराव्या शतकात योशिवारात दोन-तीन हजार बायका होत्या, आणि पुढे ही संख्या पुष्कळच वाढली. त्यांतल्या बहुसंख्य मधल्या आणि खालच्या पायरीवर होत्या. अगदी खालच्या बायका खंदकाच्या कडेच्या अंधाऱ्या खोल्यांतून राहत. त्यांना तेप्पो, म्हणजे बंदूक, असे नाव पडले होते. गोळी लागली तर मेलात, तसा रोग लागला तर मेलात, असा त्या नावाचा अर्थ. मेलेल्या बायकांना पुष्कळदा जवळच्या जोकान-जी नावाच्या देवळात नेऊन टाकीत. लोक त्या देवळाला "फेकण्याचे देऊळ" म्हणत. तेथे सुमारे पंचवीस हजार बायकांना मूठमाती मिळाली असे सांगतात.

आता गेशांविषयी. गणिका आणि गेशा एकच, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. "गे" म्हणजे कला आणि "शा" म्हणजे व्यक्ती. गेशा म्हणजे कलावंत. गंमत अशी, की आरंभीचे गेशा पुरुष होते. मेजवानीत ढोलके वाजवावे, नकला कराव्या, पाहुण्यांना हसवावे, हे त्यांचे काम. अठराव्या शतकाच्या मध्यास स्त्रिया त्यात आल्या आणि थोड्याच काळात त्यांनी पुरुषांना मागे टाकले. तीन तारांचे शामिसेन वाजविणे, गाणे, नाचणे, संभाषण करणे हा त्यांचा पेशा. १७७९ साली योशिवारात गेशांची नोंद ठेवणारी एक कचेरी निघाली. गेशाने गणिकेचे गिऱ्हाईक तोडू नये, साधा वेष करावा, एकटीने न जाता दोघीतिघींनी मिळून जावे, असे नियम झाले. चित्रात ओळखावयाची सोपी खूण सांगतो: ओइरानच्या कमरपट्ट्याची गाठ पुढे असते, गेशाची मागे. आणि गेशाची मजुरी वेळेवर ठरे. उदबत्ती लावून ठेवीत. जितक्या उदबत्त्या जळतील तितका हिशेब. तासावर मजुरी मोजण्याची ही पद्धत आम्हांला घड्याळापेक्षाही बोलकी वाटते!

तथापि गेशा गणिका नव्हती, एवढ्यावरून ती मोकळी होती असे मात्र समजू नका. तिलाही लहानपणी घरमालकिणीने उचल देऊनच घेतलेले असे. शिकविल्याचा, कपड्यांचा खर्च तिच्याही नावावर चढे, आणि देहाचा सौदा तिच्याही वाट्याला पुष्कळदा येई. दोघींची कामे निराळी होती. वही एकच होती.

आता चित्रांकडे येऊ. या चित्रांना उकियो-ए म्हणतात. "उकियो" या शब्दाचा मूळ बौद्ध अर्थ दुःखमय संसार असा. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ तरंगते जग, क्षणाची मौज. एदोच्या लोकांनी दुःखाचा अर्थ बाजूला सारला आणि तरंगण्याचा धरला. मात्र योशिवारातल्या बायका आपल्या जगण्याला "कुगाइ", म्हणजे दुःखाचे जग, असेच म्हणत राहिल्या.

एक चित्र तयार होण्यास चार पक्ष लागत. प्रकाशक पैसे घाली आणि विषय ठरवी. चित्रकार रेखाटन करी. कोरणारा कारागीर ते पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटे चिकटवून, रेषा तेवढी ठेवून बाकीचे लाकूड खोदून काढी. कपाळावरच्या केसांची रेषा कोरावयाची म्हणजे वर्षानुवर्षांचा हात हवा. मग छापणारा प्रत्येक रंगाच्या निराळ्या ठशावर रंग लावी, तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला चिवट कागद त्यावर ठेवी, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घोटी. रंगावर रंग नेमका बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्याशी दोन खुणा कोरलेल्या असत. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या हातून अनेक रंगांची चित्रे निघाली आणि हा धंदा भरभराटीला आला. चित्र स्वस्त असे. वाडगाभर शेवया खावयास जे पैसे पडत, साधारण तेवढ्यात ते मिळे. चित्रावर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाची खूण असते, १७९० नंतर सरकारी तपासणीचा शिक्काही असतो. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. आम्ही छापखान्यातले, आम्हांला याचे दुःख झाले, आश्चर्य झाले नाही.

प्रकाशकांत त्सुताया जूझाबुरो हा मोठा माणूस. त्याचा जन्म १७५० चा आणि तोही योशिवारातलाच. वस्तीच्या दरवाज्याबाहेर त्याने पुस्तकांचे छोटे दुकान घातले. योशिवाराची मार्गदर्शिका निघत असे. कोणत्या गल्लीत कोणते घर, त्यात कोणत्या बायका, कोणीची पायरी कोणती, हे सारे खुणांनिशी छापलेले. ती दर वर्षी नव्याने काढावी लागे, कारण माल बदलत असे. "माल" हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. त्सुतायाने ही मार्गदर्शिका हाती घेतली आणि तेथून त्याचा उत्कर्ष झाला. तेव्हा हे लक्षात घ्या, की गणिकांची ही सुंदर चित्रे म्हणजे कला होती आणि जाहिरातही होती. चित्रावर घराचे नाव आणि बाईचे नाव छापलेले असे. कापडवाल्यांचाही त्यात फायदा होता. इसोदा कोर्यूसाइ या चित्रकाराने १७७५ च्या सुमारास गणिकांच्या नव्या वस्त्रांची जी माला काढली, तीत शंभरावर चित्रे आहेत.

त्सुतायानेच उतामारोला पुढे आणले. कितागावा उतामारो १८०६ साली वारला. स्त्रीचा चेहरा त्याच्याइतका कोणी पाहिला नाही. १७९४ च्या सुमारास त्याने "योशिवारातले बारा प्रहर" अशा अर्थाची बारा चित्रांची माला काढली. जपानी पद्धतीत दिवसरात्रीचे बारा भाग असत आणि प्रत्येकाला एका प्राण्याचे नाव असे. तीत मिरवणूक नाही, मेजवानी नाही. कुत्र्याच्या प्रहरी, म्हणजे रात्री आठच्या सुमारास, गणिका पत्र लिहिता लिहिता मागे वळून दासीच्या कानात काही सांगते आहे. बैलाच्या प्रहरी, रात्री दोन वाजता, एक बाई झोपेने डोळे जड झालेली, एका हातात पेटलेली कागदाची वात धरून, पायाने चपला शोधते आहे. सशाच्या प्रहरी, पहाटे सहाला, निघालेल्या गिऱ्हाइकाचा अंगरखा ती हातात धरून उभी आहे. ती पाळी संपलेली बाई आहे. रातपाळीहून परतणारे चेहरे आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दरवाज्यांवर पाहत आलो. उतामारोने तो थकवा चुकीचा काढलेला नाही.

त्याची दुसरी एक माला आहे, तीत त्याने पाच पायऱ्यांच्या पाच बायका काढल्या. वरच्या गणिकेपासून थेट खंदकाकाठच्या तेप्पोपर्यंत. त्या तेप्पोचे केस विसकटलेले आहेत, छाती उघडी पडली आहे, दातांत कागद धरला आहे. जाहिरातीला हिचा काय उपयोग? काही नाही. तरी त्याने ती काढली. म्हणून चित्रकाराला नुसता जाहिरातवाला म्हणून मोडीत काढणे आम्हांला मान्य नाही. सरकारचा रोषही त्याने ओढवून घेतला. १८०४ साली पूर्वीच्या एका सत्ताधीशाची चित्रे काढली म्हणून त्याला पन्नास दिवस हातकड्या पडल्या. परंतु एवढा मोठा डोळा असलेल्या माणसालाही एक वस्तू काढता आली नाही. ती म्हणजे मालकाची वही. चित्रातली बाई पत्र लिहिते, ते गिऱ्हाइकाला. "पुन्हा या" म्हणून. तो तिच्या कामाचाच भाग. ती स्वतःविषयी काय लिहिते, हे चित्रात नाही.

ते आपल्याला कळले निराळ्याच कागदांवरून, आणि आमच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

१८४९ साली योशिवारात उमेमोतोया नावाचे एक घर होते. मालकाचे नाव साकिची. खावयास धड देत नसे, मारहाण अमानुष. त्या घरातल्या सोळा बायकांनी एकत्र बसून विचार केला आणि घराला आग लावली. आग लावणे हा त्या काळी जिवंत जाळण्याच्या शिक्षेचा गुन्हा. पण या बायका पळाल्या नाहीत. वस्तीच्या मुखियाकडे जाऊन त्या आपण होऊन हजर झाल्या आणि म्हणाल्या, आग आम्ही लावली. का लावली तेही ऐका. चौकशी झाली, त्या वेळी त्यांपैकी काहींच्या हाताने लिहिलेल्या रोजनिशा पुढे आल्या. काय खावयास मिळाले, कोणाला कशी मारहाण झाली, हे त्या लिहून ठेवीत होत्या. मोडकेतोडके लिहिणे, पण स्वतःचे. बायकांना शिक्षा झाली. काहींना दूर बेटावर हद्दपारी मिळाली. पण मालकालाही शिक्षा झाली! योशिवारात आगी पुष्कळ लागल्या, आणि त्यांतल्या अनेक बायकांनीच लावल्या होत्या. सोळा जणींनी एकमताने लावलेली आणि कारणांसह कबूल केलेली ही आग आम्हांला वेगळी वाटते. आम्ही आगीचे समर्थन करीत नाही. आम्ही आजवर संप केले, मोर्चे काढले, कोणाची काडी पेटविली नाही. परंतु मागणीपत्र देण्यास जिला दारच नाही, तिने काय करावे? ती आग हेच मागणीपत्र होते, आणि रोजनिशा हा त्याचा पुरावा. इतिहाससंशोधकांनी त्या वाचल्या आणि २०२० साली जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने भरविलेल्या एका प्रदर्शनात हा विषय लोकांपुढे मांडला गेला.

पुढे कायदा कसा बदलला ते पाहण्याजोगे आहे. १८७२ साली मारिया लुझ नावाचे पेरू देशाचे जहाज दुरुस्तीसाठी योकोहामा बंदरात थांबले. त्यात दोनशेवर चिनी मजूर करारावर कोंडून चालविले होते. जपान सरकारने त्यांना सोडविले. तेव्हा कप्तानाच्या वकिलाने न्यायालयात सवाल टाकला: तुमच्या देशात मुली असल्याच करारांनी बांधलेल्या आहेत, मग आमच्याच करारात खोट ती कोणती? सरकार खजील झाले. त्याच वर्षी गणिका आणि गेशा यांच्या मुक्ततेचा हुकूम निघाला आणि उचल रद्द ठरली. का रद्द, तर या स्त्रिया माणसाचे हक्क गमावून गुराढोरांसारख्या झाल्या आहेत, आणि गुराढोरांकडून कोणी कर्ज वसूल करीत नाही! मुक्तीच्या हुकुमातसुद्धा केवढा हा अपमान. आणि मुक्तीही किती दिवस टिकली? दुसऱ्याच वर्षी मालक म्हणू लागले, आम्ही नुसत्या खोल्या भाड्याने देतो. बाई धंदा करते ती आपल्या खुशीने. कुंटणखान्याचे नाव बदलले, उचल परत आली. कामगाराला कामगार न म्हणता "ठेकेदार" म्हणावयाची युक्ती आजची नव्हे, हे यावरून दिसेल.

१९०० साली तेथील सर्वांत वरच्या न्यायालयाने निकाल दिला, की बाईची इच्छा नसेल तर कराराच्या जोरावर तिला धंद्यात ठेवता येणार नाही. मोठी गोष्ट झाली. परंतु कर्ज मात्र कायम! देह सुटला, वही सुटली नाही. बाई बाहेर आली तर वसुली बापाच्या दारात. मग ती बाहेर येईल कशी?

मोरी मित्सुको या मुलीने याचा हिशेबच मांडून ठेवला आहे. ती १९२४ साली योशिवारात गेली, १९२६ साली तेथून निसटली आणि यानागिवारा ब्याकुरेन या कवयित्रीच्या घरी जाऊन तिने आसरा मागितला. आत असताना तिने गुपचूप रोजनिशी लिहिली होती. ती पुस्तकरूपाने निघाली. ती सांगते, गिऱ्हाइकाने दहा येन दिले तर साडेसात मालकाचे. उरलेल्या अडीचपैकी दीड कर्जाच्या खात्यात. बाईच्या हाती एक. आणि त्या एका येनात तिने आपला रोजचा खर्च भागवावयाचा! तो भागत नसे, म्हणून पुन्हा उचल. मजुरीचे असले गणित आम्ही पुष्कळ पाहिले आहे. इतके उघडे क्वचितच.

बायका स्वस्थ बसल्या नाहीत. १९३७ साली ओसाकाच्या मिनामी भागातल्या गेशांनी आपली संघटना मान्य करावी म्हणून काम बंद केले, आणि त्या शिगी डोंगरावरच्या एका बौद्ध मठात जाऊन बसल्या. शामिसेन खाली ठेवून संपावर बसलेल्या गेशा! त्यांचे चित्र उतामारोला काढावयास मिळाले असते तर?

आणि ही उचल केवळ कुंटणखान्यापुरती होती असे समजू नका. त्याच शेतकऱ्याची दुसरी मुलगी सूतगिरणीत जाई, तीही बापाला आगाऊ रक्कम देऊन आणलेली. वसतिगृहाला कुलूप, रजा नाही, पळाली तर शोध. होसोइ वाकिझो या गिरणी कामगाराने १९२५ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. येथे आपलाही संबंध येतो. १८९३ साली जपानी कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली. तीत जमशेटजी टाटांचा हात होता. मुंबईचा कापूस त्या गिरण्यांत गेला आणि त्या मुलींच्या बोटांखालून सूत होऊन निघाला. उलट दिशेने क्यूशू बेटावरच्या गरीब गावांतल्या मुली दलालांनी परदेशी नेल्या. सिंगापूर, रंगून करीत त्यांपैकी काही आपल्या मुंबईत, कामाठीपुऱ्यापर्यंत पोचल्या.

वहीचे शेवटचे पान उलटले १९५५ साली. बापाच्या उचलीपोटी सोळा वर्षांखालच्या एका मुलीला मद्यगृहात कामाला लावले होते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा करार तर रद्दच, पण त्यासाठी दिलेली उचलही परत मागता येणार नाही. १८७२ ते १९५५, त्र्याऐंशी वर्षे लागली ती या एका वाक्याला! १९५६ साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला, १ एप्रिल १९५८ पासून त्यातील शिक्षेची कलमे लागू झाली, आणि योशिवाराचे दिवे विझले. धंदा आडवाटेने राहिला, हेही खरे आहे. आपल्या देशात वेठबिगारीचा कायदा १९७६ साली झाला. त्यातही मर्म हेच आहे, की माणूस सोडावयाचा तर त्याच्यावरचे कर्ज आधी पुसले पाहिजे. आणि तरी उचल अजून आपल्या शिवारातून गेलेली नाही, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

आता आमची राहिलेली गोष्ट सांगून संपवितो. बाराशे रुपयांची उचल आमच्या अंगावर चार वर्षे होती. दर दिवाळीला मालक वही काढीत, आणि बाकी कमी होण्याऐवजी वाढलेली निघे. सांडलेले खिळे, मोडलेली स्टिक, आजारपणाचे खाडे, सारे आमच्या नावावर. त्या वडीलधाऱ्या जुळाऱ्यांनी आम्हांला प्रुफाच्या कोऱ्या पाठींची एक वही शिवून दिली आणि सांगितले, "मालक त्याची वही ठेवतो, तू तुझी ठेव. रोज लिही." चौथ्या दिवाळीला आम्ही आमची वही पुढे केली. दोन वह्या शेजारी ठेवल्या, आणि आमची उचल दीड वर्षापूर्वीच फिटलेली निघाली. आमच्या आयुष्यातली ती पहिली वाटाघाट. योशिवारातल्या बायकांचे दुःख आणि आमचा तो त्रास यांची तुलना होऊ शकत नाही, ती आम्ही करीतही नाही. पण उमेमोतोयातल्या बायकांच्या रोजनिशीविषयी प्रथम वाचले, तेव्हा प्रुफाच्या पाठीवरची ती वही आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, हे लपवीत नाही.

ही चित्रे आपण अवश्य पाहावीत. व्हिन्सेंट व्हान गॉखने १८८७ साली एका ओइरानचे चित्र नकलून काढले, इतकी त्याला त्यांची भूल पडली होती. तीत काही वावगे नाही. रेषेकडे पाहा, रंगाकडे पाहा, ज्याचे नाव नाही त्या कोरणाऱ्याच्या हाताकडे पाहा. मात्र चित्रातली बाई हातात कुंचला धरून बसलेली दिसली, की क्षणभर थांबा, आणि ती आपला हिशेब लिहिते आहे असे समजून पाहा.